कड लागली, झेल सुटला

बॅटजवळच्या क्षेत्ररक्षणाबद्दल काय विचारायचं ते विचारा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांचा सूर एकच आहे: कसोटीत हल्ली स्लिपमधले (यष्टिरक्षकाच्या शेजारच्या रांगेतले) कॅच कुणाला धरताच येत नाहीत. बाकीची पत्रं खेळणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची आहेत. निवडक प्रश्न थोडे आटोपशीर करून घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही रेडिओला कान लावून सोलकरांचे झेल ‘पाहिले’. आता यशस्वी जयस्वालसारखा चपळ मुलगा एका कसोटीत चार-चार झेल सोडतो. दर्जा खरंच घसरलाय, की आमचं वय बोलतंय? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर: वय बोलतंय, पण अगदीच खोटं बोलत नाहीये.

आधी एक अडचण लक्षात घ्या. धावफलकावर टिपलेला झेल लिहितात, सुटलेला लिहीत नाहीत. एकनाथ सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, हे आपल्याला तोंडपाठ असतं. त्यांच्या हातून सुटलेल्यांची नोंद धावफलकात कुठेच नसते. आज मात्र सुटलेला प्रत्येक झेल चार कोनांतून, संथ गतीने, दिवसभर दाखवला जातो. आठवण आणि कॅमेरा यांची ही तुलना आहे, आणि ती सरळ नाही.

आता आकड्यांकडे वळू. २७ कसोटींत ५३ म्हणजे सामन्यामागे जवळपास दोन झेल. निदान २० कसोटी खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंत हे प्रमाण सर्वोत्तम गणलं जातं. बॉबी सिम्पसनचे ६२ कसोटींत ११० झेल, म्हणजे सामन्यामागे १.७७. राहुल द्रविडचे १६४ कसोटींत २१०, म्हणजे १.२८. म्हणून सोलकर द्रविडच्या दीडपट चांगले, असा हिशेब मात्र करू नका. सोलकर ज्यांच्या गोलंदाजीवर शॉर्ट लेगला (फलंदाजाच्या लेग बाजूला, अगदी पुढ्यात) उभे राहायचे ते बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे फिरकीपटू होते. संधीच जास्त यायच्या. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, आणि वेंकटच्या गोलंदाजीवर ॲलन नॉटचा झेल सोलकरांनी पुढे सूर मारून घेतला. तो झेल जितका सोलकरांचा, तितकाच बॅटच्या पुढ्यात चेंडू मरेल अशी गोलंदाजी करणाऱ्या वेंकटचाही.

जवळचा झेल जोडीने घेतला जातो, हे एकदा मान्य केलं की आजचं दुखणं कळतं. ‘झे. द्रविड, गो. कुंबळे’ ही ओळ कसोटीत ५५ वेळा लिहिली गेली. जयवर्धने आणि मुरलीधरन यांची ७७ वेळा. एकच माणूस, एकच जागा, एकच गोलंदाज, वर्षानुवर्षं. आता २९ डिसेंबर २०२४ चा मेलबर्नचा दिवस आठवा. त्या एका दिवसात जयस्वालच्या हातून तीन झेल सुटले: ख्वाजाचा लेग गलीत (लेग बाजूला, फलंदाजाच्या मागे), लाबुशेनचा गलीत (स्लिपच्या रांगेच्या टोकाला), कमिन्सचा सिली पॉइंटला (शॉर्ट लेगसमोर, ऑफ बाजूला). सुटले तीन, जागाही तीन. लेग गलीत चेंडू मांडीवरून किंवा ग्लव्हला लागून येतो, गलीत तो फटक्याच्या पूर्ण ताकदीनिशी फिरत येतो, आणि सिली पॉइंटला डोळा मिटायच्या आत अंगावर असतो. ही तीन वेगळी कामं आहेत आणि ती तेवीस वर्षांच्या एकाच सलामीवीराला दिली होती.

जून २०२५ मध्ये लीड्सला त्याच्या हातून चार सुटले. त्यांतला शेवटचा, डकेट ९७ वर असतानाचा, सीमेजवळचा होता, तो या हिशेबात धरू नये. (डकेटने १४९ केल्या आणि इंग्लंडने ३७१ चं लक्ष्य पाच गडी राखून गाठलं, त्यामुळे सगळ्यांच्या लक्षात तोच राहिला.) पहिल्या डावातले मात्र बॅटमागचे होते. त्या रांगेकडे बघा. पुजारा शेवटची कसोटी खेळला जून २०२३ मध्ये, रहाणे जुलै २०२३ मध्ये, रोहित डिसेंबर २०२४ मध्ये, कोहली जानेवारी २०२५ मध्ये. दोन वर्षांत अख्खी स्लिप रिकामी झाली. नव्या रांगेला एकमेकांच्या हातांचा अंदाज यायचाच होता.

आमच्या मते हात बिघडलेले नाहीत, जागा मोडली आहे. शिवाय ही घसरण सगळीकडची नाही. २०१५ मध्ये गॉलला रहाणेने एका कसोटीत ८ झेल घेऊन विक्रम केला. तो दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, एडन मार्करमने ९ झेल घेऊन मोडला. कुठे, तर गुवाहाटीत, आपल्याच फलंदाजांचे! द्रविडचा २१० चा विक्रमही जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्सवर जो रूटने मागे टाकला.

प्रश्न: मग टी-ट्वेंटीला दोष देतात तो उगाच? (बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर: उगाच नाही, पण रोखठोक बोलायचं तर दोष सरावाच्या वेळेचा आहे. वीस षटकांच्या सामन्यात स्लिप दोन-तीन षटकं असते, शॉर्ट लेग जवळजवळ नसतोच. मग सरावाचा तासही सीमेवरचे उंच झेल, दोरीच्या आतबाहेर उड्या आणि थेट फेक यांत जातो. आजची मुलं सीमेवर जे झेल घेतात ते सोलकरांच्या पिढीच्या कल्पनेतही नव्हते. ज्याचा सराव केला ते सुधारलं, इतकाच अर्थ.

दुसरं कारण कमी बोललं जातं: डीआरएस, म्हणजे पंचांच्या निर्णयाची तिसऱ्या पंचाकडून फेरतपासणी (रिव्ह्यू). पूर्वी फिरकीला पॅड पुढे टाकून बॅट त्याच्या मागे लपवायची पद्धत होती, कारण एवढ्या पुढे आलेल्याला पंच सहसा पायचीत देत नसत. त्यातूनच बॅट-पॅडचे झेल उडायचे. आता तसं खेळणारा रिव्ह्यूत सापडतो, म्हणून फलंदाज बॅट पॅडच्या पुढे आणतो, किंवा सरळ स्वीप मारतो. शॉर्ट लेगला येणाऱ्या संधी कमी झाल्या आणि मार मात्र वाढला. अशा जागेवर हौसेने कोण उभं राहणार?

प्रश्न: आमच्या १६ वर्षांखालील संघात चांगले हात असलेली मुलं स्लिपमध्ये मात्र झेल सोडतात. नेमकं काय चुकत असावं? (क्लबचे प्रशिक्षक, कोल्हापूर)

उत्तर: बहुतेक वेळा चूक चेंडू येण्याआधीच झालेली असते. वरून खाली या क्रमाने तपासा.

जागा. स्लिपने स्वतःची जागा स्वतः ठरवू नये. आधी यष्टिरक्षकाने उभं राहायचं, चेंडू गुडघा आणि कंबर यांच्या मध्ये येईल अशा अंतरावर. मग पहिली स्लिप त्याच्यापेक्षा एखादं पाऊल मागे. दुसरी स्लिप पहिलीच्या रेषेत किंवा किंचित पुढे, गली आणखी पुढे. शेजाऱ्यापासूनचं अंतर मोजायची सोपी रीत म्हणजे दोघांनी हात पसरावेत, बोटांची टोकं जेमतेम टेकली पाहिजेत. दहा षटकांनी चेंडू जुना होतो, उसळी कमी होते आणि कड लागलेला चेंडू पुढे टप्पा खातो. तेव्हा अख्खी रांग एक-दोन पावलं पुढे सरकली पाहिजे. मुलं सकाळी जिथे उभी राहतात तिथेच जेवणापर्यंत असतात, आणि मग ‘चेंडू आलाच नाही हातात’ म्हणतात. आपल्याकडच्या संथ खेळपट्टीवर हे फार होतं. मॅटिंगवर (चटईच्या खेळपट्टीवर) उलटं करा. उसळी जास्त, म्हणून रांग मागे.

नजर. पहिल्या स्लिपने गोलंदाजाच्या हातापासून चेंडू बघायचा. दुसरी, तिसरी आणि गली यांनी बॅटची कड बघायची. कोनामुळे त्यांना चेंडूचा मार्ग नीट दिसत नाही आणि तो डोळ्यांनी पकडायला गेलं की कड लागल्याचं उशिरा कळतं. मुलांना विचारा, तू काय बघत होतास? तिघांची उत्तरं तीन येतील.

बैठक. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, वजन चवड्यांवर, गुडघे वाकलेले, हात मोकळे आणि पुढे. हात गुडघ्यांवर टेकवून उभा राहणारा खेळाडू फोटोत छान दिसतो, पण ते हात उचलण्यातच त्याचा वेळ जातो. गोलंदाजाच्या शेवटच्या दोन ढांगांत खाली बसायचं आणि चेंडू बॅटच्या पुढे जाईपर्यंत उठायचं नाही. सर्वांत मोठा दोष हाच असतो, चेंडू पडताच मूल अर्धवट सरळ होतं. खालून वर येणं सोपं असतं, वरून खाली जाणं अवघड. म्हणून घोट्याजवळचे झेल सुटतात.

वेळेचा अंदाज द्यायचा तर कड लागून चेंडू ताशी ११० किलोमीटरने सुटला आणि स्लिप १६ मीटरवर असेल, तर हातात यायला साधारण अर्धा सेकंद. एवढ्यात उठून पुन्हा बसणं जमत नाही.

हात. छातीच्या खालच्या चेंडूला ओंजळ: करंगळ्या जोडलेल्या, बोटं जमिनीकडे. छातीच्या वर उलटे पंजे: अंगठे जोडलेले, बोटं आकाशाकडे. चेंडू बोटं जिथे तळहाताला मिळतात तिथे बसला पाहिजे. मनगटाजवळच्या गादीवर आदळला की उडतोच. हातात येताना हात वीतभर मागे येऊ द्यायचे, पोटाकडे किंवा कमरेच्या बाजूला. झेल बिकट होतो तो बरगडीच्या उंचीवर, कारण तिथे ओंजळही धड बसत नाही आणि उलटे पंजेही. मुलांना तिथे निवड करायला शिकवू नका, वेळ नसतो. अंग बाजूला झुकवून चेंडू एका कुशीला घ्यायची सवय लावा, म्हणजे ओंजळ आडवी करून भागतं.

आता वाटणी. यष्टिरक्षक आणि पहिली स्लिप यांच्या मधला चेंडू कुणाचा, हे टॉसपूर्वी ठरलेलं असावं. साधा नियम: यष्टिरक्षकाने सूर मारला तर झेल त्याचा, स्लिपने शेवटपर्यंत तरीही हात सोडायचे नाहीत. त्याचा ग्लव्ह लागून उडालेला चेंडू पहिल्या स्लिपलाच मिळतो.

आणखी एक, जे तंत्रात मोडत नाही. दिवसाला ९० षटकं म्हणजे ५४० चेंडू. तेवढा वेळ सलग एकाग्र कुणीच राहू शकत नाही, आणि राहायचा प्रयत्न करणारा चहाच्या सुमाराला रिकामा होतो. चेंडू मेला की गप्पा मारा, पक्षी बघा. गोलंदाज वळला की बंद. दिवसभर ‘लक्ष दे, लक्ष दे’ ओरडणारा कर्णधार स्लिपचं नुकसान करतो.

प्रश्न: इथे क्लब क्रिकेट खेळतो. एप्रिलमध्ये स्लिपला उभं राहणं म्हणजे शिक्षा. चेंडू बॅट सोडल्यावरही हलतो. भारतीय संघ इथे जास्त झेल सोडतो त्यामागे हेच असेल का? (लेस्टर, इंग्लंड)

उत्तर: बऱ्याच अंशी हेच. तिकडे वापरतात त्या ड्यूक्स चेंडूची शिवण उठावदार आणि जास्त टिकाऊ असते. फलंदाजाला ओलांडल्यावरही चेंडू डुलतो, आणि तुमचे हात आधीच्या मार्गावर ठरलेले असतात. यष्टिरक्षकांची तारांबळ टीव्हीवर दिसते, स्लिपचीही तीच असते. उपाय एकच, हात उशिरा बांधा. ओंजळ आधीच घट्ट करून वाट बघितली तर शेवटच्या हातभर अंतरात ती हलवता येत नाही.

थंडीचं म्हणाल तर गार बोटं कडक होतात आणि चेंडू उडवतात. दोन चेंडूंच्या मध्ये हात खिशात घाला. यात लाज कसली? षटक संपल्यावर एकमेकांकडे चार हलके झेल टाका, रक्त फिरतं. भारतातून आलेल्या संघाला हे सगळं पहिल्या कसोटीआधीच्या मोजक्या दिवसांत अंगवळणी पाडायचं असतं. ते दिवस कमी झाले, हेही कारणांत धरा.

प्रश्न: संघात मी सर्वांत लहान, म्हणून शॉर्ट लेग कायम माझ्याकडे. भीती वाटते, हे कुणाला सांगता येत नाही. (महाविद्यालयीन खेळाडू, नाशिक)

उत्तर: भीती वाटते ते शहाणपणाचं लक्षण आहे. धाकट्याला शॉर्ट लेगला उभं करायची रीत जुनी आहे आणि चुकीची आहे. तिथे सर्वांत चांगले हात असलेला माणूस हवा. यजुर्वेंद्रसिंह, जो महाराष्ट्राकडूनही रणजी खेळला, त्याने १९७७ मध्ये बंगळुरूला इंग्लंडविरुद्ध पदार्पणातच एका डावात ५ आणि सामन्यात ७ झेल घेऊन तेव्हाचे दोन्ही विश्वविक्रम गाठले, ते बॅटजवळ उभं राहूनच.

आधी सुरक्षा. हेल्मेट जाळीसह, आणि ते तुझ्या मापाचं हवं. फलंदाजाचं मागून घेतलेलं, डोक्यावर गदगद हलणारं चालणार नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात रमण लांबा हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला उभा राहिला, चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यात फलंदाजासमोर जवळ उभ्या राहणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं आहे. तुमच्या स्पर्धेत सक्ती नसली तरी तू घालायचंच. पोटाखालचा गार्ड हवाच. नडगीचे गार्ड पँटच्या आत घालायचे, कारण यष्टिरक्षकाखेरीज कुणालाही बाहेरून पॅड बांधायची परवानगी नाही.

उभं राहायचं ते बॅटपासून दीड ते अडीच मीटरवर. खेळपट्टी ३.०५ मीटर रुंद असते, आणि चेंडू फलंदाजाला लागेपर्यंत किंवा त्याच्या पुढे जाईपर्यंत तुझ्या अंगाचा कुठलाही भाग खेळपट्टीवर किंवा तिच्या वर येता कामा नये. बूट खेळपट्टीच्या कडेच्या बाहेर, हे बघून घे. उजव्या फलंदाजाला ऑफस्पिन असेल तर चेंडू आत वळून पॅडवरून तुझ्याकडे येतो. डावखुरा फिरकीपटू असेल तर तो झेल समोर सिली पॉइंटकडे जातो, तेव्हा तुझी जागा थोडी मागे.

बैठक स्लिपपेक्षाही खाली: पार्श्वभाग जवळजवळ टाचांच्या उंचीवर, कोपरं गुडघ्यांच्या आत, हात नडग्यांसमोर, बोटं गवताला टेकतील इतकी. गोलंदाजाकडे बघूच नकोस. नजर पुढच्या पॅडवर आणि बॅटच्या पात्यावर. बॅट-पॅडवरून चेंडू ताशी ३६ किलोमीटरने जरी सुटला, तरी दोन मीटर यायला ०.२ सेकंद लागतात. डोळ्याने पाहून हात हलवायलाच माणसाला साधारण तेवढा वेळ लागतो. म्हणून हात जिथे झेल येणार तिथेच आधी असावे लागतात. ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ वगैरे ऐकायला ठीक आहे, खरं काम बैठक करते.

स्वीपचं काय? फलंदाजाचा पुढचा गुडघा वाकून बॅट आडवी होताना दिसली की हनुवटी छातीला लाव आणि आणखी खाली बस. पाठ फिरवून पळायचं नाही, मान आणि कानामागचा भाग उघडा पडतो. त्याच्या फटक्याचा अंदाज घेऊन हलायला नियमाची हरकत नाही. पण चेंडू त्याच्यापर्यंत पोचण्याआधी, फटक्याशी संबंध नसताना सरकलास, तर पंच चेंडू मृत देऊन पाच धावांचा दंड करू शकतात. आणि चेंडू तुझ्या हेल्मेटला लागून उडाला, तरी खाली पडण्याआधी कुणी घेतला तर फलंदाज बाद. ऑक्टोबर २०१७ च्या आधी हा झेल धरत नसत, जुन्या लोकांना अजून तेच वाटतं.

कर्णधाराकडे एक मागणी कर: गोलंदाजाने आखूड चेंडू टाकायचा नाही, आणि टाकलाच तर पुढच्या चेंडूला तू मागे जाशील. फिरकीपटू टप्पा पाळणारा नसेल तर त्याच्यासाठी शॉर्ट लेग लावणं हाच गुन्हा.

प्रश्न: मी १४ वर्षांची आहे. स्लिपमध्ये झेल घेतला की हात झिणझिणतात. बोटांना टेप लावू का? (सोलापूर)

उत्तर: आधी चेंडू तपास. पुरुषांचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो, महिला क्रिकेटचा १४० ते १५१ ग्रॅम. मुलांबरोबर सराव करत असशील तर बहुधा जड चेंडूवर करते आहेस. टेप शक्यतो नको. दुखऱ्या बोटाला आधार म्हणून एक पट्टी ठीक, पण सगळी बोटं गुंडाळली की ती वळत नाहीत आणि चेंडू रबरावर पडल्यासारखा उडतो. सामन्यात हाताला असं संरक्षण पंचांच्या संमतीनेच घेता येतं.

झिणझिण्या तळहाताच्या खालच्या भागात येत असतील तर चेंडू चुकीच्या जागी बसतोय. बोटांच्या मुळाशी घे आणि हात मागे येऊ दे. बोटाच्या टोकावर आदळून शेवटचं पेर खाली लोंबलं आणि स्वतःहून सरळ होत नसेल, तर ‘मुरगळलं असेल’ म्हणून सोडू नकोस. स्नायूची दोरी तुटलेली असते. डॉक्टर ते पेर पट्टीने सरळ बांधून सहा ते आठ आठवडे अजिबात वाकू देत नाहीत. बोट सांध्यातून निखळलं तर मैदानावर कुणालाही ओढू देऊ नकोस. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, शेजारच्या बोटाला सैलसर बांधणं, आणि एक्स-रे.

प्रश्न: टेनिस क्रिकेटमधले आमचे सर्वांत भारी क्षेत्ररक्षक सीझन बॉलवर (चामड्याच्या कडक चेंडूवर) स्लिपमध्ये झेल सोडतात. (रत्नागिरी)

उत्तर: टेनिसचा चेंडू हातातून उसळून जातो, म्हणून तो खेळणारा बोटं लवकर आणि जोरात आवळतो. सीझन बॉलला तीच सवय नडते, बोटं मिटत असतानाच चेंडू त्यांच्यावर आदळतो. पंधरा दिवस त्यांना फक्त हलके खालच्या हाताचे झेल द्या, सहा मीटरवरून, आणि अट घाला: झेल घेताना आवाज येता कामा नये. ‘टप्’ वाजलं की झेल मोजायचा नाही.

प्रश्न: जमिनीलगतचा झेल क्षेत्ररक्षक खात्रीने सांगतो आणि तिसरा पंच नाबाद देतो. कॅमेरा खोटं बोलतो का? (पुणे)

उत्तर: लांबून घेतलेल्या चित्रात खोली दबते, चेंडूखालची बोटं आणि गवत एकाच पातळीवर दिसतात. जून २०२३ पासून मैदानावरच्या पंचांचा ‘सॉफ्ट सिग्नल’ बंद झाला, त्यामुळे असा निर्णय पूर्णपणे तिसऱ्या पंचावर आला आहे. क्षेत्ररक्षकाने इतकंच करावं: ओंजळ जमिनीशी सपाट न ठेवता बोटं तिरकी खाली घालावीत आणि चेंडू हातात बसल्यावर हात लगेच वर आणावा. झेल पुरा होण्याआधी हात गवतावर घासत नेला की शंका आपणच पैदा करतो.

प्रश्न: आमच्याकडे आठवड्यात तीन दिवस, दिवसाला वीसच मिनिटं आहेत. मशीन नाही, कॅचिंग बोर्ड नाही. (शाळेचे क्रीडाशिक्षक, अहिल्यानगर)

उत्तर: वीस मिनिटं पुरतात, जागा कायम ठेवा म्हणजे झालं. पहिली पाच मिनिटं सहा मीटरवरून हलके झेल, दोन्ही हातांनी २०, मग एकेका हाताने १०.

पुढची दहा मिनिटं कड. फेकणारा १० ते १२ मीटरवर, फलंदाज बॅटचं पातं तिरकं धरून चेंडूला नुसती कड लागू देतो, यष्टिरक्षक आणि दोन स्लिप आठ-दहा मीटरवर. तीस चेंडूंत जेमतेम निम्म्यांना कड लागेल. चालेल. नेमकं हेच हवं आहे. प्रत्येक चेंडू हातात येईल असा सराव केला की मूल येणाऱ्या चेंडूची वाट बघतं. सामन्यात चाळीस चेंडू रिकामे जातात आणि एक्केचाळिसावा येतो. यष्टिरक्षक नसेल तर हा सराव करूच नका. त्याचं अंग मध्ये आल्यावर चेंडू क्षणभर दिसेनासा होतो, आणि त्याची सवय त्याच्याशिवाय लागणार कशी?

उरलेली पाच मिनिटं रोलर. प्रत्येक मैदानाच्या कोपऱ्यात तो पडलेला असतोच. चार-पाच मीटरवरून जुना चेंडू त्याच्या गोल पाठीवर घासून जाईल असा मारा, पलीकडे दोन मुलं. कुठे उडेल ते फेकणाऱ्यालाही कळत नाही. काही जिमखान्यांत लाकडी पट्ट्यांचं, पाळण्यासारखं क्रेडल धूळ खात असतं, मिळालं तर उचलून आणा.

आणि एक वही करा. तारीख, जागा, गोलंदाज वेगवान की फिरकी, चेंडूची उंची, डावीकडे की उजवीकडे, घेतला की सुटला. सराव आणि सामना, दोन्हींतल्या संधी लिहा. एखाद्या मुलाच्या नावावर तीस ओळी झाल्या की वही उघडा. बहुतेकदा सुटलेले झेल एकाच रकान्यात दाटलेले दिसतात, समजा ‘डावीकडे, गुडघ्याखाली’. त्या मुलाला मग महिनाभर फक्त तेवढेच द्या.